अर्ध्या तासात होतंय

आई नेसरीत मंगळवारी दुपारी एक वाजता गेली. मी तेव्हा कोल्हापुरात दाजींच्या अंगणात होतो. माझ्या हातात चिमटा होता आणि चिमट्यात प्लगची वायर. आक्का गाडीत बसली होती. दाजी वहीत लिहीत होते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. गेल्या मार्गशीर्षात तेही गेले. त्यांनी तीस वर्षं ज्या शाळेत गणित शिकवलं तिथं शोकसभा झाली. एकेक जण उठून बोलला. चिकाटी, शिस्त, सत्याची ओढ. एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "कारण सापडल्याशिवाय हा माणूस कधी जागचा उठला नाही." लोकांनी माना हलवल्या. मी उठून बाहेर आलो. व्हरांड्यात एका म्हाताऱ्या शिपायानं माझ्या पाठीवर हात ठेवला. त्याला वाटलं, मला रडू आवरलं नाही. मला राग आवरला नव्हता. मुख्याध्यापक खोटं बोलले असते तर मी बसून राहिलो असतो. ते खरं बोलले होते.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो. लग्न केलं नाही. शिकायला म्हणून नेसरीहून आक्काकडं आलो तो तिच्या राजारामपुरीतल्या घराच्या वरच्या खोलीतच राहिलो. म्हणजे दाजी मला पाहुणे म्हणून माहीत नाहीत. रोजचे माहीत आहेत. त्यांच्याबद्दल चांगलं लिहिणारे पुष्कळ भेटतील, मला जे दिसलं ते मी लिहितो.

वर्गात ते उत्तराला मार्क देत नसत. उत्तर बरोबर आणि मधली पायरी गाळलेली असेल तर शून्य. पालक भांडायला येत. दाजी शांतपणे विचारत, "उत्तर आलं ते कुठून आलं? आकाशातनं?" घरातही तेच. दूध उतू गेलं की स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणत, "कारण सांग." कप फुटला, कारण सांग. भाकरी करपली, कारण सांग. आक्का पहिली काही वर्षं कारणं सांगत असे. नंतर म्हणायला लागली, "कारण मी. झालं समाधान?" त्यावर ते खरोखर विचार करत आणि म्हणत, "ते कारण होत नाही. तू रोजच असतेस."

गाडी त्यांनी एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. फिकट निळी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढची सीट सोफ्यासारखी सलग. गल्लीत तेव्हा दुसरी चारचाकी नव्हती. गाडी घेतली ती फिरायला घेतली असं लोकांना वाटलं. मला वाटतं, त्यांनी ती बिघडते म्हणून घेतली. फळ्यावरची गणितं त्यांना सगळी येत होती. हे एक गणित रोज नवीन पडत होतं.

गॅरेजचं त्यांना वावडं होतं. गल्लीच्या टोकाला एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. हा मिस्त्री दहावीत दाजींच्याच हाताखाली गणितात नापास झालेला. त्याला गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं दाजी सांगत, "गॅरेजवाला पार्ट बदलतो. कारण शोधत नाही. तो वैद्य नव्हे, दुकानदार." मिस्त्री हसत असे. "व्हय सर, पण गाडी पळती की."

इंजिनाचा आवाज ऐकायला ते आक्काचं लाटणं वापरत. लाटण्याचं एक टोक इंजिनावर, दुसरं कानात. डोळे मिटून पाच पाच मिनिटं उभे. मग लाटणं धुऊन जागेवर ठेवत, पण चपातीला ऑइलचा वास यायचा तो यायचाच. आक्कानं दुसरं लाटणं आणलं. दाजींना ते जास्त आवडलं, शिसवी होतं. शाळेतला खडू घरी आणून ते अंगणातल्या फरशीवर प्रत्येक सुट्या भागाभोवती रेघ काढत आणि आकडा घालत. दारातली रांगोळीची जागा त्यातच गेली. आक्का पाण्याची कळशी घेऊन आकड्यांमधून तिरकी तिरकी चालायची. एकदा तिचा पदर लागून सात नंबरचा नट घरंगळला तर त्यांनी दिवसभर अबोला धरला. हात धुवायला साबणाबरोबर साखर घेत, साखरेनं काळं निघतं म्हणून. डबा अर्धा होईपर्यंत.

रस्त्यातनं जाणाऱ्या स्कूटरवाल्याला हात करून थांबवत आणि सांगत, "तुमचं टायमिंग पुढं गेलंय." एकानं स्कूटर बंद न करताच विचारलं, "पावणं, तुमी आरटीओचं हाय काय?" "नाही. गणिताचा." तो माणूस जाईपर्यंत मागं वळून बघत होता. ही गोष्ट शोकसभेत कुणीतरी सांगितली आणि लोक हसले. मीही पूर्वी हसायचो. हसण्यासारखं पुष्कळ होतं, हे मी लपवत नाही. पण गल्लीला मजा वाटायची ती आक्काच्या घरात चालायची.

आता पोस्टकार्डांविषयी सांगायला हवं.

या जुन्या गाड्यांत दोन बारीक धातूचे ठिपके असतात, त्यांना पॉइंट म्हणतात. ते उघडतात तेव्हा प्लगला ठिणगी मिळते. किती उघडायचे ते अंतर केसाएवढं मोजून लावावं लागतं. त्यासाठी पात्यांचं एक माप मिळतं, उद्यमनगरात कुठल्याही दुकानात. दाजींनी ते घेतलं नाही. ते पोस्टकार्ड वापरत. एकदा दुमडलेलं पोस्टकार्ड दोन पॉइंटांच्या मध्ये सरकवायचं आणि स्क्रू पिळायचा. "पोस्टकार्डाची जाडी सरकार ठरवतं," ते म्हणत, "त्यात दुकानदाराला लबाडी करता येत नाही."

आमच्या घरात पोस्टकार्डं येत ती आईची. आईला लिहिता येत नव्हतं. शेजारची एक मुलगी आईनं सांगितलेलं शाळेच्या भाषेत घालून लिहून देई. दर पंधरा दिवसांनी एक. आक्का ती कपाटात साडीच्या घडीत ठेवायची आणि दाजी तिथनं काढून घ्यायचे.

"आईची पत्रं हैत ती, अहो."

"वाचून झालंय ना?"

"म्हणून काय झालं?"

"मग आता तो कागद आहे," दाजी म्हणायचे. हे ते चिडून म्हणत नसत. त्यांना ते खरंच तसं दिसत होतं. चिडून म्हणाले असते तर आक्काला भांडता आलं असतं.

आई गेली त्या साली आमचा फोनचा नंबर अजून लागायचा होता. निरोप शेजारच्या काकूंकडं येत. फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी आठच्या सुमाराला काकूंनी भिंतीवरून हाक मारली. फोनवर नेसरीचा माझा चुलतभाऊ होता.

"चुलतीला धाप लागलीया. तसं लई न्हाय. पण गाडी घिऊन या. कोल्हापूरला दवाखान्यात दावूया."

"बोलतेय का?"

"बोलतीया की. गाडी घिऊनच या म्हणतीया."

तसं लई न्हाय, याचा अर्थ आमच्याकडं सगळ्यांना माहीत असतो. फोनवर कुणी कधी पुरतं सांगत नाही. आक्कानं थर्मास भरला, चादर घेतली, एक उशी घेतली आणि जाऊन गाडीच्या मागच्या सीटवर बसली. उशी मांडीवर. येताना आईचं डोकं तिच्या मांडीवर असणार होतं.

दाजींनी गाडी सुरू केली. गाडी मिसिंग मारत होती. आदल्या दिवसापासूनच मारत होती. चार सिलिंडरपैकी एखादा मध्येच पेटायचं चुकतो, इंजिन अंग झाडल्यासारखं हलतं, चढाला दम सोडतं. निपाणीचा चढ त्यात निघाला नसता हे खरं. दाजी उतरले आणि त्यांनी बॉनेट उघडलं.

"अर्ध्या तासात होतंय," ते म्हणाले.

मिसिंग शोधायची त्यांची रीत साधी आणि बरोबर होती. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. वायर काढल्यावर इंजिन लंगडलं तर तो सिलिंडर कामाचा. वायर काढूनही काही फरक पडला नाही तर चोर तोच. मी चिमट्यानं वायर काढायचो, दाजी लाटणं कानाला लावायचे, मग वहीत लिहायचे. एक, फरक पडतो. दोन, पडतो. तीन, पडत नाही. मग खात्रीसाठी पुन्हा. या वेळी तीनला फरक पडला आणि एकला पडला नाही. पुन्हा. आता दोन. चोर जागा बदलत होता.

साध्या माणसाला कळलं असतं की दोष एका सिलिंडरचा नाही, चौघांचं जिथं समाईक आहे तिथला आहे. मला पुढं मिस्त्रीनं हे एका वाक्यात समजावलं. दाजींनाही ते कळत होतं. चौघांचं समाईक म्हणजे पॉइंट. मी अंदाजानं विचारलं, "पॉइंट बघायचे का?" ते म्हणाले, "ते मी रविवारीच केलेत. स्वतः." आणि पुढची ओळ आखली.

आपल्या हातानं केलेल्या कामावर त्यांनी आयुष्यात कधी संशय घेतला नाही. वर्गात चाळीस पोरांच्या पायऱ्या तपासल्या, स्वतःची एक तपासली नाही.

नऊ वाजता आक्का काचेतनं म्हणाली, "अहो, मी एस.टी.नं फुडं जाऊ का? साडेनऊची हाय."

"आणि येताना? आईंना एस.टी.त उभं करून आणणार? अर्ध्या तासात होतंय."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "थांबूया आक्का. होईल."

हे मी म्हणालो. ती माझीही आई होती. स्टँड पायी वीस मिनिटांवर होता. मी चिमटा खाली ठेवला नाही.

दहाच्या पुढं मिस्त्री स्वतःहून आला. काकूंनी त्याला सांगितलं असणार. अंगणाच्या फाटकात उभं राहून त्यानं दोन मिनिटं नुसतं ऐकलं.

"सर, मी पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही नवीन टाकतो. पंधरा मिंटं. माझ्याकडं हैत."

"दोन्ही एकदम?"

"एकदम."

"मग दोष कशात होता ते कुणाला कळणार?"

"कळून काय करायचंय सर? आजी वाट बघत्यात."

दाजींनी चष्मा काढून पुसला. "तू दहावीला असाच नापास झालास," ते म्हणाले. "एका वेळी एक. मला कारण पाहिजे."

मिस्त्रीनं आक्काकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी वहीकडं बघितलं. तो गेला. जाताना म्हणाला, "गॅरेजातच हाय मी. हाक मारा."

आक्का उतरली नाही. दाजी दोनदा म्हणाले, आत जाऊन बस, धूर येतोय. "निघायचंच हाय न्हवं आता?" एवढंच ती म्हणाली. ऊन गाडीवर आलं. ती उशी घेऊन बसून राहिली. पुढं ओणवून काचेखालचं काहीतरी बघत होती, असं मला आठवतं. त्या वेळी मी लक्ष दिलं नाही. मला शॉक बसू नये याकडं माझं लक्ष होतं.

बारा वाजले. वहीत अकरा फेऱ्या झाल्या होत्या. अर्धा तास किती वेळा झाला ते मी मोजलं नाही. सव्वा वाजता काकूंनी भिंतीवरून हाक मारली, आणि या वेळी त्यांनी नाव घेतलं नाही की काय झालं ते सांगितलं नाही. नुसतं "या" म्हणाल्या.

साडेनऊची एस.टी. त्या दिवशी नेसरीला साडेबाराला पोचली. मी नंतर चौकशी केली. आम्हाला अर्धा तास मिळाला असता.

मिस्त्री एका गिऱ्हाइकाची जीप घेऊन आला. आक्का निळ्या गाडीतनं उतरून जीपमध्ये बसली. उशी तिथंच राहिली. दाजी बॉनेटवर ओणवे होते. "तुम्ही पुढं व्हा," ते म्हणाले, "मी गाडी घेऊन आलोच." मिस्त्रीनं गिअर टाकला आणि एवढंच म्हणाला, "बसा."

आईला उंबऱ्याजवळ टेकवून बसवलं होतं, चुलतभावानं सांगितलं. तिनंच सांगितलं होतं, दारात बसवा, गाडीचा आवाज ऐकू येऊ दे. ऊसतोडीचे दिवस. रस्त्यानं सकाळपासून उसाचे ट्रॅक्टर चाललेले. "दर ट्रॅक्टरला विचारायची," तो म्हणाला, "आली व्हय? मी म्हणायचो, न्हाय, ऊस हाय. परत दुसरा आला की, आली व्हय?" 

आमच्यासाठी माती थांबवून ठेवली होती. मी अग्नी दिला.

ओढ्यावरनं ओल्या कपड्यांनी आम्ही परत आलो तेव्हा दिवे लागत होते. दारात बायका बसल्या होत्या. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली. लोक बाजूला झाले. दाजींनी ती दारासमोर आणून उभी केली, उतरले आणि इंजिन चालूच ठेवलं. ते माझ्यापाशी आले. शर्टाच्या बाह्या नीट उतरवून बटणं लावलेली होती.

"ऐक," ते म्हणाले.

मला काही समजेना.

"ऐक की. एकसुद्धा चुकत नाही. सापडलं कारण. पॉइंटमध्ये कागदाचा तंतू अडकला होता."

इंजिन खरोखर सुरेख चाललं होतं. अख्खी गल्ली गप्प होती आणि त्यात तेवढाच एक आवाज होता. माझे केस ओले होते. मी हात उचलला असता तर कुणी मला बोललं नसतं. मी हात उचलला नाही. मी वाचणारा माणूस आहे, माझ्या हातून असलं काही होत नाही, आणि त्याचाही मला राग आहे.

आक्का घरातनं आली. तिनं काचेतनं आत हात घालून किल्ली फिरवली. आवाज बंद झाला. मागचं दार उघडून तिनं उशी घेतली आणि ती घरात गेली. दाजींकडं तिनं बघितलं नाही.

त्यानंतर आक्का त्या गाडीत बसली नाही. एकदाही नाही. पुढं दहा-अकरा वर्षं. घरात फोन आला, मग मोबाइल आले, गल्लीत पोरांनी नव्या गाड्या घेतल्या, आक्का रिक्षानं आणि एस.टी.नं फिरली. भांडण झालं नाही. ती स्वयंपाक करत होती, त्यांना वेळेवर चहा देत होती. पहिल्या वर्षश्राद्धाला नेसरीला निघताना दाजी म्हणाले, "गाडी आहे की दारात." आक्का पिशवीचे बंद बांधत होती. म्हणाली, "मला वेळेवर पोचायचंय."

आम्ही स्टँडवर गेलो आणि एस.टी.त बसलो. कागल सोडलं आणि कंडक्टर मागच्या काचेतनं वाकून बघायला लागला. निपाणीत तो आमच्यापाशी आला.

"बाई, ती मागची निळी गाडी तुमच्या वळखीची काय? कागलपास्नं मागं हाय. फुडं जा म्हणून डायव्हरनं दोनदा हात केला, जाईना. चेकिंगवालं हैत म्हणून डायव्हर घाबरालाय."

"आमचं मालक हैत ते," आक्का म्हणाली.

"मग तुमी हितं का?"

"त्यास्नी विचारा."

तेव्हापासून दरवर्षी तसंच. एस.टी. पुढं, दाजींची रिकामी गाडी मागं. एस.टी. थांब्यावर थांबली की तेही थांबायचे. नेसरीत ते घरी येत नसत. शाळेजवळ झाडाखाली गाडी लावून बसत. मी डब्यात जेवण घेऊन जायचो. डबा घेताना विचारत, "किती वाजता पोचली एस.टी.?" आणि वहीत लिहून ठेवत. कंडक्टरांच्यात ती गोष्ट झाली होती. मला कुणीतरी म्हणालंही, किती प्रेम म्हणायचं. मला ते प्रेम वाटलं नाही. तोंडानं चार शब्द सांगता येत नाहीत म्हणून नव्वद किलोमीटर गाडी हाकायची, याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही.

आणखी दोन गोष्टी झाल्या होत्या, पण माझ्या फार उशिरा लक्षात आल्या. उद्यमनगरातनं त्यांनी ते पात्यांचं माप विकत आणलं होतं. आणि घरात "कारण सांग" ऐकू येणं बंद झालं होतं. दूध उतू गेलं की ते उठून फडकं आणून देत.

ते गेल्यावर वह्या माझ्याकडं आल्या. आक्का म्हणाली, कागद तुला कळतात, तू बघ. त्या मंगळवारचं पान मला शोधावं लागलं नाही, वही आपोआप तिथं उघडली. चार रकाने. लक्षण, काय केले, काय झाले, कारण. चौदा फेऱ्या, वेळेसकट. एक वाजताच्या फेरीसमोर "तीन – फरक पडतो" असं लिहिलं आहे. शेवटची नोंद चार वाजून दहा मिनिटांची. पॉइंट उघडले. तंतू. कारणाच्या रकान्यात लिहिलं आहे, "पोस्टकार्ड (आईंचे)." आणि त्याखाली, चारही रकाने सोडून, "हे आधी पाहायला हवे होते."

तंतू पानाला चिकटपट्टीनं चिकटवला आहे. पापणीच्या केसाएवढा आहे. पानात ते पोस्टकार्डही आहे, दुमडलेलं, घडीवर काळी रेघ.

म्हणजे नेसरीच्या दारात ते मला "कागदाचा तंतू" म्हणाले तेव्हा त्यांना ठाऊक होतं, कुठल्या कागदाचा. ते म्हणाले नाहीत. पायरी गाळणाऱ्याला ते शून्य द्यायचे. ही पायरी त्यांनी स्वतः गाळली आणि दहा वर्षं आक्कासमोर बसून जेवले. वहीला सांगितलं, तिला सांगितलं नाही.

एक गोष्ट मीही इतका वेळ लिहायची टाळली. त्या रविवारी दाजींनी खालून हाक मारली होती, "एखादं पोस्टकार्ड आहे का रे वर?" आक्कानं तोवर कपाटाला कुलूप लावायला सुरुवात केली होती. मी वाचत होतो. पुस्तकात खूण म्हणून आईचं कार्ड होतं. मी ते काढून जिन्यावरनं खाली टाकलं आणि पान दुमडून पुढं वाचू लागलो. कुठलं पुस्तक होतं ते आता आठवत नाही.

चार दिवस विचार करून मी वही आक्कासमोर ठेवली. तिनं चष्मा लावला, पान वाचलं, कार्ड उचललं नाही.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. फुडं काचंखाली पडलं हुतं ते. मागं बसून तेच वाचत हुतो की मी. गाडी घेतल्याचे समजले, मला एकदा बसायचे आहे, येताना घेऊन या, असं लिवलेलं. चार तास वाचत हुतो. घडी काळी झालती. संध्याकाळी ते तंतू म्हणालं, तवा कळलं." तिनं बोट कार्डाकडं केलं. "तुझ्या पुस्तकातलं हुतं, ते पण म्हाईत हाय. तुझी खूण हुती ती."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाकुणाला बोलू? त्यांनी घातलं. तू दिलंस. मी बसून राहिलो. पाय हुतं की मला, स्टँड कुठं लांब हुता." तिनं चष्मा काढला. "आता तू तरी कारण शोधू नगंस."

वही तिनं पदरानं पुसली आणि माझ्याकडं सरकवली. मग भाजी निवडायला घेतली.

तिनं तिघांत वाटणी करून टाकली. मला ती मान्य नाही. माझ्या वाटचं मी घेतो, पण दाजींचं कमी करायला मी तयार नाही. ते मेले म्हणूनही नाही. आक्काच्या वाटचं तर मी मानतच नाही. ती एस.टी.नं जाते म्हणाली होती आणि आम्ही दोघांनी तिला थांबवलं.

वही माझ्याकडं आहे, कार्ड आणि तंतू तिच्यातच आहेत. उशी आक्काच्या कपाटात आहे. गाडी अंगणात उभी आहे. मिस्त्री महिन्यातनं एकदा येतो, सुरू करतो, दहा मिनिटं चालू ठेवतो आणि बंद करतो. चारही सिलिंडर चालतात.